रेशमी इराणी गालिचे : संग्राहकांची नावे आणि विणकरांचे शब्द

मराठीतील ‘गालिचा’ हा शब्द फारसीतून आला. मुळात तो लघुत्वदर्शक आहे : ‘काली’ म्हणजे गाठी मारून विणलेले मोठे आस्तरण, आणि ‘चे’ हा प्रत्यय त्याचे धाकटेपण सांगणारा. मराठीने शब्द घेतला व धाकटेपण सोडून दिले. दिवाणखानाभर पसरलेल्या विणकामालाही आपण गालिचाच म्हणतो. प्रवासात शब्दाचा अर्थ पालटतो, यात नवल नाही. नवल आहे ते हे, की इराणी रेशमी गालिच्यांविषयी संग्राहकांच्या जगात मान्यता पावलेल्या ज्ञानाचा बराचसा भाग अशाच वाटेत चिकटलेल्या नावांवर उभा आहे. आणि ही नावे वस्तूच्या घडणीपेक्षा तिच्या मालकीविषयीच अधिक बोलतात.

‘पोलोनेझ’ हे याचे ठळक उदाहरण होय. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात चार्तोरिस्की घराण्याने रेशमी, रुपेरी-सोनेरी तारांनी भरलेले काही गालिचे मांडले. त्यांपैकी एकावर कुलचिन्ह होते. ते त्या घराण्याचे समजले गेले आणि त्यावरून हा सारा वर्गच ‘पोलिश’ ठरला. हे गालिचे सतराव्या शतकात इराणातच, मुख्यतः इस्फहान व काशान येथे विणले गेले, हे पुढे सिद्ध झाले. ते कुलचिन्हही चार्तोरिस्कींचे नव्हते. नाव मात्र टिकले. गमतीची गोष्ट अशी, की पोलंडचा संबंध अगदीच खोटा नाही. १६०१ मध्ये राजा तिसरा सिगिस्मुंड याने सेफेर मुरातोविच या आर्मेनियन व्यापाऱ्याला रेशमी विणकामे आणण्यासाठी काशानला धाडले होते. म्हणजे ‘पोलिश’ हे विशेषण कारागिराला लावता येत नाही, फार तर एका गिऱ्हाइकाला लावता येते. संग्राहकाने गिऱ्हाइकाचे नाव कारागिराच्या कामावर चढविले, असाच याचा अर्थ.

गाठींच्या नावांची कथा याहून विलक्षण आहे. ताण्याच्या दोन धाग्यांना सारखाच वेढा देऊन टोके मधून वर काढली, की ती सममित गाठ. एका धाग्याला पुरता वेढा देऊन दुसऱ्याच्या केवळ पाठीमागून धागा नेला, की ती असममित. व्यापारी ग्रंथांनी दुसरीला ‘सेन्ने’ गाठ म्हटले. सेन्ने म्हणजे इराणी कुर्दिस्तानातील सनंदज. आणि तेथील विणकर परंपरेने वापरतात ती पहिली, सममित गाठ! इतकी उघड विसंगती पिढ्यानुपिढ्या छापली गेली, यावरून परिभाषा करणारे मागाजवळ किती बसले असतील याचा अंदाज बांधता येतो.

याउलट विणकरांचे शब्द पाहावेत. मधल्या मोठ्या आकृतीला ते ‘तोरंज’ म्हणतात, म्हणजे महाळुंग. कोपऱ्यांतील आकृतींना ‘लचक’, म्हणजे तिकोनी रुमाल. दाटी मोजण्याचे माप ‘रज’ : सुमारे ७ सेंटिमीटरांत किती गाठी बसतात ते. रेशमाचा तंतू बारीक असूनही ताण सोसतो, म्हणून ताणाही रेशमाचा घेता येतो आणि रज चढत जातो. दोनांऐवजी चार धाग्यांवर मारलेली ‘जुफ्ती’ (जुफ्त म्हणजे जोडी) श्रम वाचविते आणि दाटी निम्म्यावर आणते. हा शब्द कारागिरीचा दोष नेमका सांगतो. ‘पोलोनेझ’ हा शब्द कशाचाच गुणदोष सांगत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो : नाव चुकीचे असले तरी त्याने वस्तू ओळखता येते, मग बिघडले काय? बिघडते ते असे, की नाव पुढे पुराव्याची जागा घेते. अर्दबील गालिच्यावर (ताणाबाणा रेशमी, लव लोकरीची) हिजरी ९४६ हे साल व काशानच्या मकसूदचे नाव ‘अमल’ या शब्दासह विणलेले आहे. ‘अमल’ म्हणजे काम. पण विणण्याचे, रेखाटनाचे की देखरेखीचे, हे तो शब्द सांगत नाही. तरीही अनेक वर्णनांतून मकसूद सहजच ‘विणकर’ होऊन बसला आहे. एवढा प्रचंड गालिचा एका हाताने विणला जाणे अशक्य, एवढे तरी ध्यानी यावयास हवे होते.

हे हात कोणाचे? जुन्या गालिच्यांच्या बाबतीत नावे उरलेली नाहीत. काशानच्या विणकामाची नोंद युनेस्कोने २०१० मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत केली. तीत कारागिरांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक स्त्रिया असल्याचे म्हटले आहे आणि ही विद्या आई-आजीकडून मुलीकडे जाते असेही. इराणातील काही कारखान्यांत ‘नक्शेख्वान’ आखीव नकाशा पाहून रंग व गाठींची संख्या चालीवर म्हणत असे आणि विणकर त्याबरहुकूम गाठी मारीत. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात डोरिस ड्यूक संग्रहातील एक रेशमी इस्फहान गालिचा ४४ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेला. तेथे पुकारलेल्या नावांत शहर होते, मालकीण होती.