एकमेकांना उलटतपासणारी पुस्तके

मराठी घरातल्या कपाटात इतिहास बहुधा कादंबरीच्या रूपाने येतो. 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'छावा', 'राऊ', 'पानिपत' ही नावे कुणाला विचारावी लागत नाहीत. 'इतिहासावर काय वाचू?' या प्रश्नाला पहिले उत्तर म्हणून तीच पुढे केली जातात. ही पुस्तके वाईट आहेत असे मला म्हणायचे नाही. त्यांतली काही उत्तम आहेत. पण त्यांच्या लेखकांची उभे राहण्याची जागा फारशी बदलत नाही: सदर, महाल, छावणीतला मुख्य तंबू आणि नायकाचे मन. पाचही वाचून झाली तरी गाव, शेत, सावकाराची वही, पालावरची बाई यांच्यापर्यंत वाचक पोचतच नाही. शिवाय भूतकाळ आपल्याला कळतो कसा, कोणत्या कागदावरून आणि कुणाच्या शब्दावरून, हा प्रश्नही त्याला पडत नाही. म्हणून वाचनाची यादी लोकप्रियतेवरून करू नये आणि विषयांच्या कप्प्यांतही बसवू नये. एक पुस्तक दुसऱ्याची उलटतपासणी घेईल अशी ती हवी. इतिहासग्रंथ, बखर, आत्मकथन आणि कादंबरी यांच्या अशा जोड्या लावायला मराठीइतके समृद्ध साहित्य फार थोड्या भारतीय भाषांत आहे, आणि ते आपण अर्धेही वापरत नाही.

ऐतिहासिक कादंबरी पहिल्यापासून अशी नव्हती. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ची, हरिभाऊ आपट्यांची 'उषःकाल' शतक संपता संपताची. हरिभाऊंसमोर वॉल्टर स्कॉटचा नमुना होता. 'उषःकाल'चा गाभा सुलतानगडचे किल्लेदार रंगराव अप्पा आणि त्यांचा मुलगा नानासाहेब यांच्यातल्या निष्ठेच्या ताणाचा आहे. बापाने आयुष्य बादशाही चाकरीत घालवले आहे, मुलाला स्वराज्य खुणावते आहे. दोघेही कल्पित आहेत. शिवाजी महाराज कथेत आहेत, तिला दिशा देतात, पण कथा त्यांच्या मनात शिरून सांगितलेली नाही. या मांडणीत एक प्रामाणिकपणा आपोआप येतो. नानासाहेब कल्पित आहे हे वाचकाला ठाऊक असल्याने त्याच्या तोंडचे बोलणे कुणी पुरावा म्हणून नाचवत नाही, आणि काळाचे चित्र मात्र मनात राहते. १९६२ साली रणजित देसाईंची 'स्वामी' आली आणि केंद्रच हलले. आता कर्ता पुरुष स्वतःच नायक झाला. माधवराव पेशवे रमाबाईंशी एकांतात काय बोलले, हे कादंबरी सांगू लागली. १९६४चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला आणि पुढच्या तीन दशकांची वाट तिने आखून दिली.

'स्वामी'ची ताकद मान्य करूनच पुढे जायला हवे. कोवळ्या वयात गादीवर आलेला मुलगा, चुलत्याशी झगडा, क्षय, आणि १७७२च्या नोव्हेंबरात थेऊरला झालेला अंत ही शोकांतिका देसाईंनी अशा संयमाने उभी केली की पेशवाईकडे पाहण्याची मराठी मध्यमवर्गाची नजरच तिने घडवली. पण माधवरावाच्या कारकिर्दीचे खरे ओझे पानिपताने मागे ठेवलेले कर्ज होते. ते फेडण्याची काळजी मरणाच्या दारातही त्याला सोडत नव्हती. सावकारांचे तगादे, मोहिमांचा खर्च, कर्नाटकातली खंडणी, कारकुनांचे हिशेब हा सगळा भाग गो. स. सरदेसाईंच्या 'मराठी रियासती'त आणि त्यांनी संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या निवडक कागदांच्या ४५ खंडांत आहे. कादंबरीत दुःख आहे, पण त्या दुःखाचे अर्थकारण नाही. म्हणून 'स्वामी'नंतर लगेच रियासतीतला माधवरावांचा भाग वाचावा. दोन्ही वाचल्यावर नायक लहान होत नाही. त्याच्यावर किती बाजूंनी दाब होता ते कळून तो मोठाच वाटतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा की कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे, तिला कागदाचे माप का लावावे? तत्त्व म्हणून हे बरोबर आहे. पण लेखक प्रस्तावनेत संदर्भग्रंथ देतो, गड आणि रणांगणे पालथी घातल्याचे सांगतो, आणि त्या परिश्रमांची विश्वासार्हता कादंबरीला मिळते. वाचकही तिच्याकडे इतिहास म्हणूनच पाहतो आणि तिच्यातले संवाद भाषणांत उद्धृत होतात. दोन्ही दरबारांतला मान हवा असेल तर दोन्हीकडचे प्रश्नही घ्यावे लागतात. माझा आक्षेप कल्पनेला नाहीच. पुरावा कुठे संपतो आणि कल्पना कुठे सुरू होते ती रेघ पुसून टाकण्याला आहे. ही रेघ उघडी ठेवूनही वाचनीय लिहिता येते, याचा पुरावा १९६७ सालच्या दोन पुस्तकांत सापडतो. त्या वर्षी शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आली आणि इरावती कर्व्यांचे 'युगान्त'ही. सावंतांनी कर्णाला अपार करुणा दिली. कर्व्यांनी भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीवर उभे राहून त्याच कर्णाची कठोर चिकित्सा केली, आणि प्रत्येक पायरीवर कोणता भाग मूळ, कोणता मागून घातलेला, आणि आपला तर्क कोणता हे सांगितले. कर्णासाठी रडलेल्या प्रत्येक वाचकाने 'युगान्त'मधले कर्णावरचे प्रकरण वाचलेच पाहिजे.

'श्रीमान योगी'च्या बाबतीत तर उलटतपासणी त्याच बांधणीत मिळते. नरहर कुरुंदकरांची दीर्घ प्रस्तावना कादंबरीचे कौतुक करून थांबत नाही. अफजलखान, शायिस्तेखान, आग्रा या नाट्यमय प्रसंगांपलीकडे महाराजांचे राज्यकर्ते म्हणून वेगळेपण कशात, हा प्रश्न ती उभा करते. तो प्रश्न मनात ठेवून कादंबरी पुन्हा चाळली की कुठे नाट्याने माणूस झाकला ते दिसते. पुढची पायरी म्हणजे कृष्णाजी अनंत सभासदाची बखर. जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिलेली ही बखर छोटी आहे, एका बैठकीत संपते, आणि महाराजांच्या राज्यात वावरलेल्या माणसाच्या स्मरणातून उतरली आहे. तिच्यातल्या गड, फौज, अधिकारी, खजिना यांच्या याद्या कंटाळवाण्या म्हणून सोडू नयेत. राज्य नावाची गोष्ट तिथेच दिसते. ज्याला त्याहून खोल जायचे आहे त्याच्यासाठी त्र्यं. शं. शेजवलकरांचे १९६४ साली त्यांच्या पश्चात निघालेले 'श्रीशिवछत्रपती' आहे. ते संकल्पित चरित्राची प्रस्तावना, आराखडा आणि साधने एवढेच आहे, आणि तरी एखादे पूर्ण चरित्र शिकवणार नाही एवढे शिकवते.

संभाजी महाराजांचे उदाहरण याहून बोलके आहे. गडकऱ्यांच्या 'राजसंन्यास'पर्यंत मराठी रंगभूमीवर आणि कथेत व्यसनी, बेताल राजपुत्राची प्रतिमा पक्की होती. वा. सी. बेंद्रे यांनी प्रदीर्घ संशोधनानंतर १९६० साली चरित्र प्रसिद्ध केले आणि ती प्रतिमा कागदांच्या आधारे मोडली. पाठोपाठ १९६२ साली कानेटकरांचे 'रायगडाला जेव्हा जाग येते' रंगभूमीवर आले, १९७१ साली कमल गोखल्यांचे 'शिवपुत्र संभाजी' निघाले, त्या दशकाच्या अखेरीस 'छावा' आली, आणि २०२५ साली त्या कादंबरीवरचा हिंदी चित्रपट देशभर चालला. म्हणजे चित्रपटगृहातल्या गर्दीच्या मुळाशी एका संशोधकाची चिकाटी आहे. पण प्रत्येक टप्प्यावर पुरावा एकेक पाऊल मागे सरकला आणि गौरव एकेक पाऊल पुढे आला. बेंद्रे जिथे दोन साधनांतला विरोध मांडून तोलून पाहतात, तिथे कादंबरीला तोलायला वेळ नसतो. 'छावा' आवडलेल्या वाचकाला बेंद्रे किंवा गोखले वाचा असे सांगणारे कुणी भेटत नाही, हे आपल्या वाचनसंस्कृतीचे मोठे अपयश आहे.

पानिपतावर मात्र मराठीत चार पिढ्यांचा संवादच वाचायला मिळतो. आधी 'भाऊसाहेबांची बखर'. तिची भाषा झणझणीत आहे, प्रसंग रंगवण्याची हातोटी विलक्षण आहे. दत्ताजी शिंद्यांचा बुराडी घाटावरचा अंत मराठी मनात जसा आहे तसा तो बखरीनेच ठेवला आहे. मग १८९८ साली वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. त्यात पानिपतापूर्वीच्या दशकातली अस्सल पत्रे होती, आणि प्रस्तावनेत बखरींच्या विश्वसनीयतेवर घणाघात होता. बखर एक सांगते आणि त्या दिवसांत लिहिलेले पत्र दुसरेच सांगते, हे मराठी वाचकाला इतक्या स्पष्टपणे प्रथमच दाखवले गेले. शेजवलकरांचे 'पानिपत : १७६१' हे त्यापुढचे. तिथे मोहिमेचा भूगोल, दाणागोटा, उत्तरेतले राजकारण यांची सांगड घालून भाऊसाहेबांच्या बाजूने एक ठाम युक्तिवाद आहे, आणि त्या युक्तिवादाशी भांडता यावे इतका पुरावाही लेखकाने स्वतःच पुरवला आहे. १९८८ सालची विश्वास पाटलांची कादंबरी या सगळ्यानंतर येते. अब्दाली यमुना ओलांडून आल्यावर दक्षिणेची वाट तुटते आणि अडीच-तीन महिने कोंडलेली छावणी उपाशी मरते, हा भाग पाटलांनी असा लिहिला आहे की आकड्यांतली भूक अंगावर येते. सैन्याबरोबर गेलेले बुणगे, यात्रेकरू, बायका त्यात आहेत. राजाच्या मनाबाहेर पडणाऱ्या लोकप्रिय कादंबऱ्यांत मी तिला पहिली जागा देईन. तरी भाऊंचा गौरव करताना तिचा आवाज चढतो, आणि तिथे शेजवलकरांचा कोरडा तोल आठवावा लागतो.

आता गंभीर आक्षेपाकडे वळतो. सामान्य माणसाचा कागदच नाही, मग त्याचा इतिहास किंवा कादंबरी लिहायची कशावरून? कागद नाही हे खरे नाही. विष्णुभट गोडसे वरसईकर हे कर्जाने गांजलेले भिक्षुक होते. दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि १८५७च्या वणव्यात सापडले. झाशीच्या वेढ्यात ते शहरात होते, आणि परतताना गंगाजलाची कावड त्यांनी जपून आणली. 'माझा प्रवास' हा त्यांचा वृत्तांत राणीच्या कोणत्याही कादंबरीपेक्षा मला मोलाचा वाटतो, कारण लुटीच्या धांदलीत पोटाची सोय, सोवळे, भीती आणि कुतूहल यांतले काहीही त्यांनी लपवलेले नाही. त्याची आवृत्ती मात्र पाहून घ्यावी. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली तो छापला तो बऱ्याच फेरफारांसह. मूळ हस्तलिखितावरून जसाच्या तसा मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली दिला. एकाच माणसाची दोन पुस्तके समोर ठेवून वाचली की संपादकही इतिहास घडवतो हे उमगते.

गावाचा कागद तर याहून मोठा आहे. त्र्यंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' १९१५चे. पाटील-कुलकर्णी, कारू-नारू, बलुते, फिरस्ते यांची इतकी बारकाईने नोंद दुसरीकडे नाही. पण आत्रे पाहतात ते कुणब्याच्या खळ्याच्या बाजूने. फिरस्ते त्यांना कष्टकरी शेतकऱ्यावरचा भार वाटतात, आणि ते तसे ठणकावून लिहितात. म्हणून 'गावगाडा' एकट्याने वाचणे धोक्याचे आहे. त्याच्यासमोर लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' (१९८०) ठेवावे, गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातल्या मुलाने लिहिलेले. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) आणि बेबी कांबळेंचे 'जिणं आमुचं' हीही त्याच फळीवर हवीत. आत्र्यांनी वर्णन केलेली व्यवस्था हे लोक खालून सांगतात, आणि दोन्हीकडचे तपशील इतके जुळतात की मतभेद कुठे आहे हे लखलखीत दिसते. या आत्मकथनांना साहित्याच्या एका वेगळ्या खणात ठेवून 'वेदनेची पुस्तके' म्हणून वाचण्याची सवय मला अन्यायाची वाटते. ती इतिहासाची अव्वल साधने आहेत.

कादंबरीनेही ही जागा अधूनमधून घेतली आहे. नंदा खरे यांची 'अंताजीची बखर' आणि तिचा उत्तरार्ध 'बखर अंतकाळाची' यांत अठराव्या शतकातला एक बेरकी, तत्त्वांचे फारसे ओझे नसलेला माणूस बोलतो, आणि बंगालवरच्या मराठी स्वाऱ्या त्याच्या डोळ्यांनी दिसतात. त्या स्वाऱ्यांचा कडवटपणा गंगारामाच्या बंगाली 'महाराष्ट्र पुराणा'त तेव्हाच नोंदलेला आहे; मराठी वाचकाला तो पचवायला कादंबरीच लागली, हे तिचे श्रेय. हरिभाऊंप्रमाणेच खऱ्यांनी कल्पित माणूस मध्यभागी ठेवला, म्हणून तिथे रेघ उघडी आहे. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मध्ये कोकणातल्या एका घराण्याच्या चार पिढ्यांतून खोतीचा उदय आणि क्षय कळतो. रंगनाथ पठाऱ्यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' (२०१९) शतके ओलांडत एका कुळाचा शोध घेते आणि शुद्ध वंशाची कल्पनाच सैल करत जाते. ती पसरट आहे, मधले काही भाग रेंगाळतात, पण आजच्या अस्मितांच्या काळात तिने उचललेला प्रश्न टाळता येणारा नाही.

एवढे वाचायला वेळ कुणाला, असे म्हटले जाते. पण एक हजार पानी चरित्रात्मक कादंबरी वाचणाऱ्याला सभासद, गोडसे आणि 'युगान्त' ही तिन्ही मिळून तेवढ्याच वेळात वाचता येतात. अडचण वेळेची कमी आणि ओळख करून देण्याची जास्त आहे. ग्रंथालयांत कादंबरी एका दालनात, साधनग्रंथ कुलपाच्या कपाटात आणि आत्मकथने तिसरीकडे, अशी व्यवस्था असेल तर वाचक जोडी लावणार कशी? शेवटच्या जोडीतले एक पुस्तक तर बहुतेकांनी पाहिलेलेच नसते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घराघरात आहेत. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' मात्र शोधावे लागते. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्या मुलाखती घेऊन, नावानिशी नोंदी करून दोघींनी ते सिद्ध केले. त्यात कुठेही अलंकार नाही. सभेला मुलाला काखेत घेऊन आलेली, सत्याग्रहात उतरलेली, वसतिगृह चालवणारी बाई तिथे स्वतःच्या शब्दांत बोलते, आणि आपल्या सगळ्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत तिच्यासाठी अजून एकही पान नाही.