गाळलेले पाणी पुन्हा तपासताना

शिक्षकांच्या मासिकात शोधनिबंधाचे परीक्षण कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पुस्तक वाचून त्यातले काय पटले आणि काय पटले नाही हे आपण सांगतो. शोधनिबंधही तसाच वाचायची सवय शाळेपर्यंत पोचायला हवी, असे आम्हाला वाटते. म्हणून यावेळी कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील 'स्कूल ऑफ एन्व्हायर्नमेंटल स्टडीज'चा एक निबंध घेत आहोत. दीपंकर चक्रवर्ती यांच्या गटाने तो २००५ साली 'एन्व्हायर्नमेंटल सायन्स अँड टेक्नॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पश्चिम बंगालमध्ये भूजलातले आर्सेनिक काढण्यासाठी बसवलेली संयंत्रे आपले काम करतात का, हा त्याचा विषय. 'अकार्यक्षम आणि बेभरवशाची' असे उत्तर त्याच्या शीर्षकातच दिलेले आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. आपल्याकडे सोमल या नावाने ओळखले जाणारे विष म्हणजे आर्सेनिकचेच ऑक्साइड. गंगेच्या खालच्या खोऱ्यातील भूजलात हे आर्सेनिक कोणत्या कारखान्याने सोडलेले नाही. हिमालयातून वाहून आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि त्याला आर्सेनिक चिकटलेले असते. गाडल्या गेलेल्या वनस्पतींच्या अवशेषांवर जगणारे जीवाणू प्राणवायूच्या अभावी या लोहाचे क्षपण करतात. मग लोह पाण्यात विरघळते आणि त्याच्याबरोबर आर्सेनिकही सुटते.

पूर्वी या भागातले लोक तळ्यांचे पाणी पीत, आणि पटकी-हगवणीने माणसे दगावत. त्यावर उपाय म्हणून गावोगाव कूपनलिका खोदल्या गेल्या. पाणी स्वच्छ दिसत होते आणि त्यात जंतूही नव्हते. त्यात आर्सेनिक आहे का, हे मात्र कोणी पाहिले नव्हते. १९८३ साली कोलकात्याच्या 'स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन'मधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी रुग्णांच्या अंगावरचे डाग आणि तळहातांवरचे खरखरीत उंचवटे यांचा संबंध पिण्याच्या पाण्याशी जोडला. जादवपूरचा गट १९८८ पासून या कामात उतरला. म्हणजे एका शुद्ध पाण्याच्या योजनेतून दुसरा आजार आला होता, आणि आता त्यावर संयंत्रांचा उपाय बसवला जात होता.

निबंधात काय आहे?

पश्चिम बंगालमधील एका आर्सेनिकग्रस्त भागात 'टेक्नॉलॉजी पार्क' नावाच्या प्रकल्पात ११ देशी-विदेशी उत्पादकांची सुमारे दीड डझन संयंत्रे बसवण्यात आली. २९ ऑगस्ट २००१ रोजी ती सुरू झाली आणि गावकरी लगेच ते पाणी पिऊ लागले, त्यात स्वयंपाक करू लागले. संशोधकांनी पहिली तपासणी १३ सप्टेंबरला केली. तपासलेल्या १३ संयंत्रांपैकी १० संयंत्रांचे पाणी जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेत, म्हणजे दर लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या आत, आले नव्हते. निबंधात वापरलेली भारतीय मर्यादा ५० मायक्रोग्रॅमची होती. सहा संयंत्रांना तीही गाठता आली नाही. गाळलेल्या पाण्यात सापडलेले सर्वांत जास्त प्रमाण होते ३६४ मायक्रोग्रॅम.

तपासणी एवढ्यावर थांबली असती, तर सुरुवातीची अडचण म्हणून सोडून देता आले असते. संशोधक मात्र दोन वर्षे त्याच संयंत्रांकडे पुन्हा पुन्हा जात राहिले. या काळात १० मायक्रोग्रॅमची मर्यादा एकाही संयंत्राला सतत पाळता आली नाही. ५० ची मर्यादा फक्त दोघांनी पाळली. एकाच उत्पादकाची दोन संयंत्रे सारखी चालत नव्हती. जवळजवळ सर्वांमध्ये लहानमोठ्या दुरुस्त्या झाल्या, आणि तरीही अभ्यास संपला तेव्हा १५ संयंत्रे वापरातून गेली होती.

असे का होते?

याचे रसायनशास्त्र आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनाही समजावून देता येईल. भूजलातील आर्सेनिकचा मोठा भाग त्रिसंयुजी रूपात असतो. साधारण उदासीन पाण्यात या रूपावर विद्युतभार नसतो, म्हणून ते गाळणीच्या कणांना नीट चिकटत नाही. त्याचे आधी ऑक्सिडीकरण करून पंचसंयुजी रूप करावे लागते. लोहाची गोष्ट वेगळी. पाणी वर येताच हवेशी संपर्क होऊन लोहाचा तांबूस साका बसतो. हा साका थोडेफार आर्सेनिक धरून ठेवतो खरा, पण तोच गाळणी तुंबवतो. ती वेळच्या वेळी उलट्या प्रवाहाने धुवावी लागते. शिवाय गाळणीतील पदार्थाची धारणशक्ती संपत येते, तेव्हा पाण्याचा रंग किंवा चव काहीच बदलत नाही. संयंत्र निकामी झाले हे पिणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

यापुढचा प्रश्न वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा. सेंद्रिय घाण जीवाणू खाऊन टाकतात, पण आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, जळून नाहीसे होत नाही, फक्त जागा बदलते. उदाहरणादाखल, दर लिटरला ३०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक असलेले १,००० लिटर पाणी रोज गाळले, तर दिवसाला सुमारे ३०० मिलिग्रॅम आणि वर्षाला सुमारे ११० ग्रॅम आर्सेनिक गाळणीत व धुवणात साठेल. ते धुवण शेजारच्या तळ्यात किंवा शेतात सोडले, तर पाण्याची सफाई म्हणजे मातीचे प्रदूषण ठरेल.

आमचे मत

या निबंधाचे मोल आम्हाला त्याच्या चिकाटीत दिसते. उद्घाटनाच्या दिवशीचे पाणी तपासणारे पुष्कळ मिळतात. दोन वर्षांनंतर त्याच नळाखाली बाटली धरणारे थोडे असतात. विद्यापीठाने करावे असे हे काम आहे, कारण संयंत्र विकणाऱ्याने किंवा बसवणाऱ्याने स्वतःच्या कामाला स्वतःच गुण देणे पुरेसे नसते.

तरी दोन ठिकाणी आमचे समाधान झाले नाही. पहिली गोष्ट, गावकऱ्यांच्या लघवीच्या नमुन्यांपैकी ८२ टक्क्यांत आर्सेनिक नेहमीपेक्षा जास्त आढळले, असे निबंध सांगतो. आकडा गंभीर आहे, पण एकट्या त्यावरून संयंत्रांना दोषी धरता येणार नाही. माणसे इतर ठिकाणचेही पाणी पितात, आणि कूपनलिकेच्या पाण्यावर पिकलेल्या भातातूनही आर्सेनिक पोटात जाते. वाचताना हा फरक मनात ठेवायला हवा.

दुसरी गोष्ट, शीर्षकात संपूर्ण पश्चिम बंगाल आहे, अभ्यास मात्र एका प्रकल्पाचा. हावड्याजवळच्या शिबपूर येथील बंगाल इंजिनिअरिंग कॉलेज आणि अमेरिकेतील लीहाय विद्यापीठ यांनी मिळून याच राज्यातल्या खेड्यांत हातपंपांना जोडलेली संयंत्रे उभी केली होती. त्यांतही रसायनशास्त्र फारसे वेगळे नव्हते. पण देखभाल गावाच्या समितीकडे होती, तिचा खर्च कुटुंबांच्या वर्गणीतून चाले, आणि वापरलेला पदार्थ व साका यांची व्यवस्था योजनेतच धरलेली होती. त्या गटाने २००५ सालीच आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि ते पुष्कळ आशादायक होते. मात्र ते संयंत्र बनवणाऱ्यांचेच निष्कर्ष आहेत, हेही विसरता कामा नये. दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचले, की 'यंत्र चांगले की वाईट' हा प्रश्न मागे पडतो. यंत्र कोण धुतो, पैसे कोण देतो आणि पाणी कोण तपासतो, हे प्रश्न पुढे येतात.

हे प्रश्न आपल्याही दारात आहेत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे आणि तेथेही शुद्धीकरणाची संयंत्रे बसवली जातात. आपल्या शाळेत किंवा गावात असे संयंत्र असेल, तर विद्यार्थ्यांना एक वही घालायला सांगावी. संयंत्र कधी बसवले, गाळणी कधी बदलली, धुवण कोठे जाते, गाळण्याआधीचे व नंतरचे पाणी प्रयोगशाळेत शेवटचे कधी तपासले, असे रकाने त्यात असावेत. क्षारमापकाच्या आकड्यावर समाधान मानू नये. ते उपकरण विद्युतवाहकतेवरून एकूण क्षारांचा अंदाज देते, आणि फ्लोराइडचे दोन-तीन मिलिग्रॅम शेकडो मिलिग्रॅम क्षारांत त्याला वेगळे दिसत नाहीत. बहुतेक ठिकाणी वहीतला शेवटचा रकाना कोरा राहील, अशी आमची अटकळ आहे. तो कोरा राहिला, तर ग्रामपंचायतीकडे नेण्यासाठी प्रश्न तयार आहे.