वाफ एक, कामं दोन

जुन्या आगबोटींचे रसिक बहुधा भोंग्यावर आणि धुराड्यावर खूश होतात. ‘किंग्जवेअर कासल’ बघायची तर आधी इंजिनापाशी चला.

इंग्लंडच्या डेव्हनमधली, डार्ट नदीवरची ही आगबोट 1924 साली डार्टमथच्याच फिलिप अँड सन या कारखान्यात बांधली गेली. इंजिन मात्र 1904 चं. याच नावाच्या आधीच्या बोटीतून काढून ते नव्या सांगाड्यात बसवलं. त्या थोरलीत पुढे काही काळ साथीचे रोगी वेगळे ठेवले जात, आणि शेवटी ती फ्लीट मिलजवळ काठाच्या चिखलात टाकून दिली. धाकटी नदीतून तिथल्या टॉटनेस गावाला जाते तेव्हा इंजिन आपल्या पहिल्या घरावरून जातं.

हा व्यवहार काटकसरीचा खरा, पण तीच काटकसर इंजिनाच्या रचनेतही आहे. इंजिन कंपाउंड जातीचं. ताजी वाफ आधी लहान सिलिंडरातला दट्ट्या ढकलते आणि उरलेला जोर घेऊन मोठ्या सिलिंडरात शिरते. दाब उतरलेला, म्हणून दट्ट्याला रुंदी जास्त. दोन्ही सिलिंडर तिरपे मांडलेले. ते एकच आडवा दांडा फिरवतात आणि त्याच्या दोन टोकांना पाणी ढकलणारी दोन चाकं. एक चाक पुढे, दुसरं मागे फिरवून जागच्या जागी वळायची सोय नाही. अरुंद नदीत सगळी भिस्त सुकाणूवर आणि कप्तानाच्या अंदाजावर. मला यातच तिचा खरा डौल दिसतो.

1965 साली ती सेवेतून निघाली. 1967 मध्ये ‘पॅडल स्टीमर प्रिझर्व्हेशन सोसायटी’ने विकत घेतली, 1971 पासून केंटमधल्या मेडवे नदीवर हौशी माणसांनी वर्षानुवर्षं खपून ती उभी केली. 1985 पासून प्रवासी पुन्हा चढू लागले. डिझेल बसवणं सोपं होतं. त्या हौशी माणसांनी कोळसाच ठेवला. फावड्याचं ते काम घामाचं, पण नाहीतर उरली असती ती फक्त चाकांची शोभा.

2012 च्या अखेरीस ती डार्टवर परतली. मेडवे तिला परकी नव्हती. पण झाडीतून वळणं घेणाऱ्या, अगाथा ख्रिस्तीच्या ग्रीनवे या घराखालून जाणाऱ्या या नदीवरच तिच्या उथळ तळाचं कारण कळतं. टॉटनेसकडे पाणी इतकं कमी की तिथल्या फेऱ्यांच्या वेळा भरती पाहून ठरवाव्या लागतात.