मोफत ज्ञानाचा पाणवठा

१९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण त्या पाण्यापर्यंत पोचायला २० मार्च १९२७ हा दिवस उजाडावा लागला. कागदावर खुले असणे आणि ओंजळीत पाणी येणे या दोन गोष्टींमधले अंतर आपल्या समाजाला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

इंटरनेटवर शिक्षकांसाठी जे मोफत साहित्य उपलब्ध आहे, त्याचा विचार करताना मला हेच अंतर पुन्हा पुन्हा आठवते. मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या ग्रंथालयात दलित साहित्याचे एक कपाट आहे, आणि त्यातली निम्मी पुस्तके परत न आलेली आहेत. अशा ठिकाणी शिकवणाऱ्या माणसाला मोफत साहित्याची थट्टा करणे परवडत नाही. परंतु फुकट मिळाले म्हणून डोळे मिटून घ्यावे, हेही आपल्या परंपरेत बसत नाही. तेव्हा या साहित्याची चिकित्सा झाली पाहिजे, आणि ती आपणच केली पाहिजे.

प्रथम जमेची बाजू. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे यांचे खंड काढायला सुरुवात केली. ते खंड आता शासकीय संकेतस्थळांवर विनामूल्य उतरवून घेता येतात. २०२१ साली याच ग्रंथांची छपाई रखडल्याची उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, हे लक्षात घेतले म्हणजे या पीडीएफचे मोल कळते. छापखाना थांबला तरी ग्रंथ थांबला नाही. फुले, मुक्ता साळवे, ताराबाई शिंदे यांच्या लेखनावर तर आता कुणाचाच मालकी हक्क उरलेला नाही. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला २०१६ साली ६० वर्षे झाली, आणि ते वर्ष सरताच त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथही कायद्याने सर्वांचे झाले. ज्या लेखनासाठी आमच्या वडीलधाऱ्यांनी मजुरीतले पैसे बाजूला काढले, ते लेखन आज माझ्या विद्यार्थ्याच्या खिशातल्या फोनवर उतरते. ही गोष्ट लहान नव्हे.

पण उतरते ते काय? बहुतेक ठिकाणी पानांची छायाचित्रे. त्यांत शब्द शोधता येत नाही. माझ्या वर्गात एक अंध विद्यार्थी आहे. त्याचा फोन त्याला मजकूर वाचून दाखवतो, पण छायाचित्रापुढे तो मुका होतो. काही ग्रंथ जुन्या फाँटमध्ये अडकले आहेत. त्यांतले वाक्य उचलून दुसरीकडे ठेवले की नुसता अक्षरांचा चिखल होतो. ग्रंथ खुला आहे असे आपण म्हणतो, आणि ते खोटेही नाही. पण त्या मुलाच्या दृष्टीने तळ्याला अजून कुंपण आहे.

याउलट एक उदाहरण सांगतो. ‘जातिनिर्मूलन’ हे १९३६ चे न झालेले भाषण कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्राध्यापिका फ्रान्सिस प्रिचेट यांनी मूळ इंग्रजीत मांडून ठेवले आहे. परिच्छेदांना क्रमांक आहेत, व्यक्तींच्या आणि संदर्भांच्या टिपा आहेत. शिक्षकाला वर्गात बोट ठेवून ‘हा परिच्छेद वाचा’ असे म्हणता येते. शिकवण्यासाठी साहित्य तयार करणे याला म्हणतात. प्रश्न असा आहे की, हे काम न्यूयॉर्कमध्ये होते आणि ज्या भाषेत बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला त्या मराठीत का होत नाही? एवढ्या वर्षांत आपली विद्यापीठे, त्यांतली अध्यासने आणि आम्ही पगारदार प्राध्यापक काय करीत होतो? प्रस्थापितांना दोष देऊन या प्रश्नातून सुटका होणार नाही.

शब्दकोशाचेही तेच. मोल्सवर्थचा १८५७ चा, सुमारे ६० हजार शब्दांचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाने सर्वांसाठी खुला केला आहे. मी तो रोज वापरतो आणि वापरावा असे सांगतो. पण तो कोश ज्यांच्या साहाय्याने सिद्ध झाला ते शास्त्रीपंडित गावकुसाच्या आत राहणारे होते. वतनाचा, बलुत्याचा शब्द तिथे सापडतो. त्या शब्दाखाली दबलेल्या माणसाचा अनुभव सापडत नाही. म्हणून कोश उघडल्यावर मी मुलांना सांगतो, हा अर्थ लिहून घ्या आणि घरी आजीला विचारून दुसरा अर्थ आणा. दोन अर्थांमध्ये जो तंटा उभा राहतो, तोच माझा त्या दिवसाचा पाठ असतो.

आता सर्वांत सोप्या आणि सर्वांत घातक साहित्याकडे वळतो. ते म्हणजे तयार टिपणे आणि परीक्षोपयोगी व्याख्याने. ‘दलित साहित्याची वैशिष्ट्ये’ असा शोध घेतला की वेदना, विद्रोह, नकार असे मुद्दे ओळीने येतात. ज्या शब्दांसाठी एका पिढीने आयुष्ये पणाला लावली, ते शब्द आता पाच गुणांच्या प्रश्नाचे उत्तर झाले आहेत. मागच्या वर्षी मी ‘बलुतं’वर लिहायला सांगितले. वह्या तपासताना एकच परिच्छेद, त्याच चुकांसह, बहुतेक वह्यांतून भेटला. मी रागावलो. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, नोट्स फुकट आहेत. पुस्तक कुठं फुकट आहे?”

माझा राग तिथेच ओसरला. तिने एका वाक्यात या सगळ्या व्यवहाराची समीक्षा केली होती. दलित साहित्याविषयीचे मत मोफत आहे. दलित साहित्य मोफत नाही. परिणामी आपल्याच मुलांना आपले लेखक दुसऱ्याच्या टिपणातून भेटतात.

त्यावर मी जो मार्ग काढला, तो सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. एका हयात कवीचा संग्रह मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फोनवर टिपला आणि वर्गाच्या समूहावर टाकला. मुलांनी तो मनापासून वाचला. इतकी जिवंत चर्चा माझ्या वर्गात पूर्वी झाली नव्हती. पुढे ६ डिसेंबरला दादरला गेलो असता त्या संग्रहाचे प्रकाशक भेटले. जमिनीवर प्लास्टिक अंथरून पुस्तके मांडून बसले होते. मला पाहून म्हणाले, “सर, तुमच्या अख्ख्या वर्गानं आमचं पुस्तक वाचलं म्हणे. आनंद झाला. प्रत मात्र एकही गेली नाही.” त्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

कायदा माझ्या बाजूने काही प्रमाणात बोलेलही. २०१६ साली दिल्ली विद्यापीठाच्या छायाप्रतींच्या खटल्यात अध्यापनासाठी पुस्तकांतील मजकुराच्या प्रती काढण्याची मुभा उच्च न्यायालयाने मान्य केली. तिथे वादी होते ते जगभर पसरलेले बडे प्रकाशक. त्या निकालाचे मी स्वागतच करतो. पण तोच न्याय फुटपाथवर बसलेल्या आपल्या प्रकाशकाला लावताना माझी जीभ अडखळते. प्रस्थापित प्रकाशकांनी ज्यांची हस्तलिखिते परत केली, त्यांची पुस्तके अशाच माणसांनी पदरमोड करून काढली. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर जे ग्रंथविश्व उभे राहते ते कुणाच्या अनुदानावर नव्हे, दहा-वीस रुपये मोजणाऱ्या वाचकावर. ते बुडवून मिळवलेले मोफत ज्ञान हे मोफत नसते. त्याची किंमत आपल्यातलाच दुसरा कुणीतरी भरत असतो.

मग शिक्षकाने करावे काय? माझ्यापुरता मी एक भेद ठरवला आहे. जे कायद्याने सर्वांचे झाले आहे, ते सर्वांपर्यंत पोचवण्याचे काम करावे. मुक्ता साळवेने १८५५ साली ‘ज्ञानोदया’त लिहिलेला निबंध, ताराबाईंची १८८२ ची ‘स्त्री-पुरुष तुलना’, जोतीरावांचा ‘शेतकऱ्याचा असूड’: यांचा शुद्ध, शोधता येईल असा, टिपांसह पाठ आपण तयार करावा. मराठी विकिस्रोतासारख्या ठिकाणी कुणीही मजकूर टंकून, तपासून ठेवू शकतो. त्यासाठी कुणाच्या शिफारशीची गरज लागत नाही. यंदा माझ्या वर्गातली मुले चार-चार पाने वाटून घेऊन हे करीत आहेत. टंकताना ती वाचतात, आणि चूक शोधताना दुसऱ्यांदा वाचतात. अंध विद्यार्थी ऐकून सांगतो की वाक्य कुठे तुटले. घरात फोन नसलेल्यांसाठी मी छापील पाने देतो.

आणि जे हयात लेखकाचे आहे, किंवा ज्याचा हक्क अजून लेखकाच्या वारसांकडे आहे, ते विकत घ्यावे. पगार घेणाऱ्याने तरी घ्यावेच. त्या संग्रहाच्या दहा प्रती मी घेतल्या आणि वर्गात ठेवल्या. मुले आळीपाळीने नेतात. दोन प्रती परत आलेल्या नाहीत, त्याचे मला फारसे दुःख नाही.

टिपणांपुरती मी एकच कसोटी मुलांना दिली आहे: हे लिहिणाऱ्याने मूळ पुस्तक वाचले आहे, असे तुम्हाला कशावरून वाटते? या प्रश्नापुढे बरीच मोफत विद्वत्ता गळून पडते. उरते ते वापरावे.

तळे खुले असल्याचा ठराव झालेला आहे. आता चालत जाण्याचे काम उरले आहे, आणि ते दुसरे कुणी आपल्यासाठी करणार नाही.