वेरूळच्या टेकडीवरचे गाव

स्मारक दाखवणे हीही एक कथनपद्धती आहे. सुरुवात कुठून करायची, कुठे रेंगाळायचे, ‘वेळेअभावी’ काय सोडून द्यायचे, कोणते नाव उच्चारायचे आणि कोणते गिळायचे, हे जो ठरवतो तो निवेदक असतो. कथा-कादंबरीतल्या निवेदकाला आपण प्रश्न विचारतो. तो कोणाच्या बाजूने उभा आहे, त्याच्या नजरेतून कोण सुटले आहे, हे आपली समीक्षा गेली पन्नास वर्षे तपासत आली आहे. सहलीतल्या गाईडचे बोलणे मात्र आपण निव्वळ माहिती समजून ऐकतो, वहीत उतरवून घेतो आणि परीक्षेत लिहितो. शाळा-महाविद्यालयांतली मुले इतिहासाचे पुस्तक जेवढे वाचत नाहीत तेवढे हे बोलणे लक्षात ठेवतात. म्हणून या निवेदनाची समीक्षा झाली पाहिजे असे मला वाटते. वेरूळ हे त्यासाठी योग्य उदाहरण आहे.

वेरूळच्या मुख्य लेण्यांना चौतीस क्रमांक आहेत आणि ते दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ ब्राह्मणी, ३० ते ३४ जैन. हे क्रमांक अभ्यासकांनी दिलेले आहेत. परिसरातल्या लोकांनी लेण्यांना नावे दिली होती. दक्षिण टोकाच्या बौद्ध लेण्यांच्या गटाला धेडवाडा म्हणत. पाचव्या लेण्याला महारवाडा म्हणत. दहाव्या चैत्यगृहाला सुताराची झोपडी म्हणत, आणि विश्वकर्माही म्हणत. चोविसाव्या लेण्याचे नाव तेल्याचा घाणा, पंचविसाव्याचे कुंभारवाडा, सत्ताविसाव्याचे गवळणीचे लेणे. चौदावे रावणाची खाई आणि एकोणतिसावे सीतेची न्हाणी. मध्यभागी, रस्ता जिथे येऊन थांबतो तिथे, कैलास.

ही नावे एका ओळीत ठेवून वाचली की काय दिसते? एक गाव दिसते. मध्ये देऊळ, आजूबाजूला तेली, कुंभार, गवळी, सुतार, आणि दक्षिणेच्या टोकाला धेडवाडा नि महारवाडा. अस्पृश्यांची वस्ती गावाच्या दक्षिणेला असावी, कारण ती दिशा अशुभ, या गावरहाटीच्या नियमाची नोंद बाबासाहेबांनी केलेली आहे. वेरूळची बौद्ध लेणी दक्षिणेला कोरली गेली त्यामागे हा नियम होता असे मी म्हणत नाही. ती कोरली गेली सहाव्या-सातव्या शतकांच्या सुमारास, आणि कोरणाऱ्यांची कारणे वेगळी होती. पण ज्यांनी पुढे त्यांना नावे दिली त्यांच्या डोळ्यांसमोर आपले गाव होते. डोंगर दिसला की त्यावरही त्यांनी गावच वसवले. माणसाला वस्ती म्हटली की वाडे आठवतात आणि वाडे म्हटले की जात आठवते. याहून दुसरी भाषा गावरहाटीने त्यांना दिलेली नव्हती.

यातली एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. एकाच धर्माच्या बारा लेण्यांची नावे ठेवताना दोन न्याय लावले गेले. दहावे लेणे देखणे आहे. त्याच्या छताला दगडातच लाकडी वाशांसारख्या कमानी कोरलेल्या आहेत, समोर स्तूपाला टेकून भव्य बुद्ध बसलेला आहे. त्याला विश्वकर्मा हे नाव मिळाले, आणि सुतार मंडळी बुद्धालाच विश्वकर्मा समजून पुजू लागली. दक्षिण टोकाच्या साध्या विहारांच्या वाट्याला मात्र धेडवाडा आला. जे डोळ्यांत भरले ते देवांच्या कारागिराच्या नावाने आत घेतले गेले. जे साधे होते ते वेशीबाहेर गेले. ब्राह्मणी संस्कृतीने बौद्ध वारशाचे काय केले हे शोधण्यासाठी मोठे ग्रंथ धुंडाळावे लागत नाहीत. पहिल्यापासून दहाव्या लेण्यापर्यंतचा चढ-उतार पायी चालला तरी ते कळते.

फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी १८८० साली भारतातील लेण्यांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात धेडवाडा हे नाव छापले गेले. विद्वानांनी ते स्थानिक नाव म्हणून जसेच्या तसे नोंदवले. १९८३ साली युनेस्कोने वेरूळला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. आज पाट्यांवर क्रमांक आहेत.

गेल्या हिवाळ्यात मी माझ्या महाविद्यालयातील बावीस विद्यार्थ्यांना घेऊन छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून, एका दिवसाच्या सहलीला गेलो. बस ठरलेल्या वाटेने गेली : आधी दौलताबादचा किल्ला, मग वेरूळ, शेवटी घृष्णेश्वर. गाईड पोटासाठी राबणारा, हसतमुख माणूस होता. त्याच्यावर माझा व्यक्तिशः काही राग नाही. तो जे बोलत होता ते त्याच्या आधीच्या अनेकांनी घडवलेले होते.

वेरूळला मी घड्याळ लावून बसलो होतो. कैलासात एक तास दहा मिनिटे. जैन लेण्यांत वीस मिनिटे. दहाव्या लेण्यात बारा मिनिटे, त्यातली निम्मी आवाज घुमतो कसा हे दाखवण्यात. एक ते नऊ या लेण्यांसाठी एकही मिनिट नाही. ‘तिकडे बघण्यासारखे विशेष नाही’ एवढे वाक्य. कैलास राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याने आठव्या शतकात खोदवला, वरून खाली कोरत आणला, हे त्याने रंगवून सांगितले. किती लाख टन दगड काढला, किती पिढ्या लागल्या, याचे आकडेही दिले. दगड काढणारे कोण होते, हा प्रश्न त्या आकड्यांत कुठे उपस्थित होत नाही. अर्थात हा दोष एकट्या गाईडचा नाही. ८१२ सालच्या बडोदा ताम्रपटात या मंदिराची स्तुती आहे. ते घडवणाऱ्या शिल्पकारालाही आपल्या हातून हे कसे झाले याचे आश्चर्य वाटले असे तो म्हणतो. राजाचे नाव आहे, कारागिराच्या वाट्याला फक्त आश्चर्य आहे. राजाश्रयी कवीचे आणि आजच्या गाईडचे निवेदन इतके सरळ एकमेकांना जुळते.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही आपले आपण पाचव्या लेण्यात गेलो. परतल्यावर एका विद्यार्थिनीने गाईडला विचारले, “दादा, त्या लेण्याला महारवाडा म्हणतात ना? का म्हणतात?” तो थोडा गोंधळला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “ते जुने लोक म्हणायचे, ताई. आता आम्ही सांगत नाही. उगीच कुणाला वाईट वाटायला नको.”

या वाक्यात सद्‌भाव आहे, हे मी नाकारत नाही. पण सद्‌भावाने इतिहास पुसला तरी तो पुसलाच जातो. वाईट वाटायला नको म्हणून नाव वगळले की नाव ठेवणारी व्यवस्थाही वगळली जाते. मग उरते ती निर्मळ, सहिष्णू टेकडी, जिथे तीन धर्म शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने नांदले. गाईडच्या तोंडी दिवसभर हेच पालुपद होते. तीन धर्मांची लेणी शेजारी आहेत हे खरे. मात्र त्या शेजाराला पुढच्या माणसांनी कोणत्या क्रमाने आणि कोणत्या नावाने पाहिले, हेही तितकेच खरे आहे.

आता त्याच दिवसाच्या सकाळकडे वळतो, कारण वेरूळच्या नावाचा धागा दौलताबादला बांधलेला आहे. १९३४ साली चळवळीतील सहकाऱ्यांबरोबर बाबासाहेब अशाच एका सहलीला निघाले होते. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, हे तिच्यात आधीपासून ठरलेले होते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात त्यांनी ती हकीकत सांगितली आहे. वाटेत ते दौलताबादला उतरले. प्रवासाची धूळ अंगावर होती म्हणून मंडळींनी किल्ल्याच्या दरवाजाजवळच्या हौदाच्या पाण्याने हातपाय-तोंड धुतले. तेवढ्यात एक वृद्ध मुसलमान ओरडत आला : धेडांनी हौद बाटवला. जमाव जमला, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती एका अटीवर, आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. ते पाळले जाते की नाही हे पाहायला सशस्त्र शिपाई बरोबर दिला गेला. बाबासाहेबांना दौलताबादला मिळालेला गाईड तो हा. त्याचे काम किल्ला दाखवण्याचे नव्हते, पाणी राखण्याचे होते. अस्पृश्यता हिंदूंपुरती थांबत नाही, ती परधर्मीयांच्याही अंगवळणी पडते, हे सांगण्यासाठी त्यांनी हा प्रसंग लिहिला. आज कोणी तो एका समाजाविरुद्ध वापरू पाहील तर त्याने तो वाचलेलाच नाही.

दौलताबादच्या हौदावर जो शब्द ओरडला गेला, तोच शब्द काही मैलांवर बुद्धाच्या लेण्यांचे नाव होऊन बसलेला होता. ज्या लेण्यांसाठी ही माणसे निघाली होती त्या लेण्यांनाही गावाने त्यांच्याच ओळीत बसवले होते. आमच्या गाईडने दौलताबादला चाँद मिनार दाखवला, मेंढा तोफ दाखवली, अंधारी वाट दाखवली. १९३४ साल त्याच्या निवेदनात नव्हते. हौदाजवळ उभे राहून ते मी विद्यार्थ्यांना सांगितले तेव्हा सहलीतले इतर प्रवासीही ऐकत थांबले. कोणालाही कंटाळा आला नाही.

या नावांचे करायचे काय, याविषयी आपल्यातही एकमत नाही. काहींना ती कायमची गाडून टाकावीत असे वाटते. काही मित्र उलट टोकाला जातात. धेडवाडा, महारवाडा ही नावेच सिद्ध करतात की लेणी आपल्या पूर्वजांची होती, असे ते सभांतून सांगतात. हा मोह मला समजतो, पण तो टाळला पाहिजे. अस्पृश्यांचे पूर्वज बौद्ध होते हा सिद्धान्त बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’मध्ये युक्तिवादाने मांडला. त्याची चर्चा त्या युक्तिवादाच्या पातळीवरच व्हावी. लोकांनी ठेवलेले नाव हा लेणे खोदले त्या काळाचा पुरावा होत नाही, ज्यांनी नाव ठेवले त्यांच्या काळाचा होतो. पावसाळ्यात महार त्या लेण्यात आसऱ्याला येत म्हणून महारवाडा, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ते खरे धरले तरी प्रश्न उरतोच : ज्यांना पावसात डोंगरातल्या लेण्यात जावे लागे, त्यांच्या घरांची आणि गावाच्या दारांची स्थिती काय होती?

माझे मत असे की ही नावे त्यांच्या पूर्ण इतिहासासह उघडपणे सांगितली गेली पाहिजेत. आपल्या साहित्याने हेच केले आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८चे, शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४चे, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७चे. समाजाने ज्या शब्दांनी माणसाला खाली बसवले ते शब्दच या लेखकांनी मुखपृष्ठावर छापले. तेव्हाही सभ्य समीक्षकांना वाईट वाटले होते. शब्द वगळला असता तर शब्द वापरणारा सुटला असता, हे या लेखकांना कळत होते. नावाची किंमत मराठवाड्याला वेगळी सांगायला नको. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि वस्त्या जळाल्या. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. एवढी किंमत मोजलेल्या प्रदेशात नाव हा किरकोळ तपशील आहे असे कोणी म्हणू नये.

आणि ज्या लेण्यात ‘बघण्यासारखे विशेष नाही’ त्यात काय आहे ते सांगतो. पाचवे लेणे सुमारे ११७ फूट खोल जाते. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, भिंतींत भिक्षूंच्या कोठड्या, शेवटी बुद्ध. मधल्या मोकळ्या जागेत जमिनीतूनच कोरलेले दोन बुटके, लांबलचक दगडी बाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेले आहेत. भिक्षू त्यांच्याशी ओळीने बसून भोजन किंवा पठण करीत असावेत असे अभ्यासक मानतात. उपाली न्हावी शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा घेतो आणि राजपुत्र त्याला वंदन करतात, ही परंपरा ज्या संघाने जपली त्या संघाच्या पंगतीची ही जागा. वेरूळचा संघ दात्यांच्या आधारावर जगत होता, त्याच्याही मर्यादा असतील. त्याचे गोडवे गायला मी सांगत नाही. पण एका बाकावर बसण्याच्या जागेला पुढे महारवाडा म्हटले जावे, यात जातिव्यवस्थेचा सगळा इतिहास आहे. कैलासात तो एका तासात सापडत नाही.

अकरावे लेणे ‘दोन ताल’ म्हणून ओळखले जाते. त्याचा तळमजला गाळाखाली बुजलेला होता. १८७६ साली तो खणून काढला आणि लेणे तीन मजली आहे हे कळले. नाव मात्र दोन तालच राहिले. खणून काढले तरी सांगणाऱ्याची मोजणी आपोआप बदलत नाही. ती बदलावी लागते.

म्हणून नागसेनवनातील आणि मराठवाड्यातील इतर महाविद्यालयांतील शिक्षकांना माझी सूचना आहे. वेरूळची सहल आपण आपल्या विद्यार्थ्यांकरवी काढावी. दौलताबादच्या हौदापाशी १९३४ची हकीकत सांगावी. वेरूळला पहिल्या क्रमांकापासून चालायला सुरुवात करावी, पाचव्या लेण्यात अर्धा तास बसावे, टेकडीवरच्या नावांचा नकाशा मुलांकडूनच काढून घ्यावा. मग कैलास जरूर पाहावा. तोही आपल्याच देशातील श्रमिकांच्या हातांनी घडला आहे. हे सारे बारा-पंधरा पानांच्या साध्या मराठी पुस्तिकेत मावते. ती लिहायला पुरातत्त्वाची पदवी लागत नाही. आपल्या बावीस विद्यार्थ्यांपैकी सहा जणांनी काम सुरू केले आहे. पुढच्या हिवाळ्यात त्यांच्यातलाच कोणी गाईड असेल.