पीडीएफमध्ये ‘गर्भाशय’ सापडत नाही, तेव्हा

वर्डच्या फाइलची पीडीएफ करणं हे आता इतकं किरकोळ काम झालंय की त्यावर लेख लिहायचा म्हटलं तर हसूच येईल. ‘सेव्ह ॲज’ दाबा, पीडीएफ निवडा, संपलं. पण मराठी दस्तऐवजांतला मजकूर संगणकाला नीट वाचता यावा, हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. त्यातला बराचसा वेळ या किरकोळ कामात बिघडलेल्या फायली निस्तरण्यात जातो. म्हणून आज थोडी टीका करायची आहे. पीडीएफवर थोडी, आणि आपण ती ज्या पद्धतीने वापरतो त्यावर जास्त.

आधी पीडीएफची बाजू ऐकून घेऊ. १९९१ साली अडोबी कंपनीच्या जॉन वॉर्नॉक यांनी एक कल्पना मांडली: कागदपत्र कुठल्याही संगणकावर तयार झालेलं असो, ते दुसऱ्या कुठल्याही संगणकावर जसंच्या तसं दिसलं आणि छापलं गेलं पाहिजे. त्यातून १९९३ मध्ये पीडीएफ बाजारात आली आणि २००८ मध्ये ती आयएसओचं मानक झाली. मराठी माणसाला तर या सोयीची किंमत कुणी सांगायला नको. घरी एका फॉन्टमध्ये टाइप केलेला अर्ज पेनड्राइव्हवर घेऊन तुम्ही दुकानात गेलात आणि तिथे तो फॉन्ट नसला, की पडद्यावर काय कचरा दिसतो हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पीडीएफ फॉन्ट सोबत घेऊन फिरते, त्यामुळे तो त्रास संपला. ‘पोर्टेबल’ या शब्दाचा अर्थ एवढाच आहे: दिसणं सोबत नेता येतं.

माझा आक्षेप इथेच सुरू होतो. दिसणं सोबत जातं. मजकूर जातोच असं नाही.

वर्डच्या फाइलमध्ये अक्षरं आपण उच्चारतो त्या क्रमाने साठवलेली असतात. ‘निर्णय’ म्हणजे न, मग इकार, मग र, हलन्त, ण, य. पडद्यावर दाखवताना संगणक त्याची चित्रं तयार करतो: वेलांटी न च्या आधी येते, रफार ण च्या डोक्यावर चढतो. पीडीएफ मुळात ही चित्रं आणि त्यांच्या जागा साठवते. कुठलं चित्र म्हणजे कुठलं अक्षर, याचा एक तक्ता ती सोबत ठेवू शकते. इंग्रजीत बहुतेक वेळा एका अक्षराला एकच चित्र असतं, म्हणून तेवढ्या तक्त्यावर काम भागतं. मराठीत चित्रांचा क्रम आणि अक्षरांचा क्रम वेगळा असतो, आणि नुसत्या तक्त्यातून क्रम सांगता येत नाही. परिणाम? पीडीएफमधून ‘निर्णय’ कॉपी केलं की ‘िनणर्य’ बाहेर येतं. ‘विद्यार्थी’चं होतं ‘िवद्याथीर्’. आणि ‘गर्भाशय’चं ‘गभार्शय’.

हा शेवटचा शब्द मुद्दाम घेतलाय. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. सरकारने समिती नेमली, पाहणी झाली. ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं असल्याचं त्या पाहणीतून पुढे आलं. आता असं समजा, की पाच-दहा वर्षांनी एखादी विद्यार्थिनी या विषयावर काम करायला बसते. तिच्याकडे मराठी अहवाल, प्रबंध, बैठकींची इतिवृत्तं अशा दोनशे पीडीएफ आहेत. ती ‘गर्भाशय’ असं शोधते. दीडशे फायलींत निकाल शून्य येतो. त्यातल्या किती फायलींत तो विषयच नाही आणि किती फायलींत तो ‘गभार्शय’ होऊन पडलाय, हे तिला कळणार कसं? संगणक ‘वाचता आलं नाही’ असं म्हणत नाही. तो सरळ ‘सापडलं नाही’ म्हणतो. आणि आपण त्या शून्याचा अर्थ ‘यावर कुणी काही लिहिलेलंच नाही’ असा लावतो. संशोधनात याहून धोकादायक चूक शोधावी लागेल, कारण ती चूक आहे हेच दिसत नाही.

तरी ही मी त्यातल्या त्यात बऱ्या फायलींची गोष्ट सांगतोय. त्याखाली आणखी दोन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी जुन्या फॉन्टची. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपी, कृतिदेव, आकृती, सुरेख अशा फॉन्टांनी मराठी छपाई तोलून धरली, हे ऋण मान्यच केलं पाहिजे. पण यातल्या बऱ्याच फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवलेले असतात. कृतिदेवमध्ये ‘भारत’ टाइप केलं तर फाइलच्या आत एच, के, के, जे, आर अशी पाच इंग्रजी अक्षरं असतात. त्याची पीडीएफ दिसते सुबक. शोधाल तर आत मराठी नावालाही नाही. दुसरी पायरी त्याहून खालची: छापील पानाचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि त्याचीच पीडीएफ करायची. तिथे तर अक्षरंच नाहीत, फक्त चित्र आहे.

आता हे विद्यापीठाच्या संदर्भात पाहा. बीडमधली आपली महाविद्यालयं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनी पीएचडीच्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’वर देशभरचे प्रबंध एकत्र आले. ही मोठी गोष्ट आहे. पूर्वी एक प्रबंध बघायला एसटीने दिवसभराचा प्रवास करावा लागायचा. पण प्रत ‘इलेक्ट्रॉनिक’ आहे म्हणजे ती वाचनीय आहे, असं आपण धरून चाललोय. आपल्याकडे प्रबंधाच्या नियमांची चर्चा होते ती मार्जिन किती, दोन ओळींत अंतर किती, बाइंडिंग कसं यावर. फाइलमधला शब्द शोधता येतो का, हे विचारणारा माणूस मला अजून भेटायचाय.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक, वाङ्मयचौर्य तपासणी. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार साम्य दहा टक्क्यांच्या आत असेल तर ते किरकोळ मानलं जातं. सॉफ्टवेअर साम्य शोधतं ते फाइलच्या आतल्या मजकुरात. आत एच-के-के-जे-आर असेल, तर तुलना कशाशी होणार? अशा प्रबंधाचा कमी आलेला आकडा प्रामाणिकपणाचा पुरावा ठरत नाही. आणि प्रामाणिक विद्यार्थ्यावर तो अन्यायच आहे, कारण त्याच्या खऱ्या कमी आकड्यालाही मग अर्थ उरत नाही. दोन, अंध वाचक. स्क्रीन रीडर मराठी मोठ्याने वाचू शकतो, पण समोर ‘िवद्याथीर्’ ठेवलं तर तो तेच वाचणार. फोटोच्या पीडीएफवर तर तो गप्प बसतो. माहिती आणि संवादाची साधनं सुलभ असावीत असं २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. ती सुलभता या एका बटणापाशी अडते.

कुणी म्हणेल, जुनी पोथी तरी कुठे शोधता येते? अंबाजोगाईच्या दासोपंतांची पासोडी घ्या. लांबच लांब कापडावर लिहिलेलं पंचीकरण, शतकं उलटली तरी जपलेलं. गुंडाळून नेता येतं, म्हणजे पोर्टेबलही आहे. उदाहरण चांगलं आहे, पण ते माझ्याच बाजूने बोलतं. कापडावरचं अक्षर वाचायला डोळे पुरेत, ते कापड आणखी काही असल्याचा दावा करत नाही. आपली पीडीएफ मात्र ‘डिजिटल’ म्हणवून घेते आणि काम कापडाचंच करते. वर मूळ वर्डची फाइल आपण काम झालं की पुसून टाकतो. पीठ झाल्यावर ज्वारी परत मिळत नाही, तसंच हे.

यात सगळा दोष पीडीएफचा नाही. दिसणारी चित्रं आणि खरा मजकूर यांची जोडी लावून ठेवण्याची सोय या मानकात आहे. दीर्घकाळ जपणुकीसाठी २००५ मध्ये पीडीएफ/ए हे वेगळं मानकही आलं. त्यातही एक मेख आहे: त्याची ‘बी’ पातळी फक्त दिसण्याची हमी देते. मजकुराची युनिकोडशी जुळणी हवी असेल तर ‘ए’ पातळी, किंवा २०११ च्या दुसऱ्या भागातली ‘यू’ पातळी लागते. म्हणजे फाइल ‘पीडीएफ/ए आहे’ एवढंच सांगणं पुरेसं नाही, पातळी विचारावी लागते.

मग तुम्ही काय करायचं? टाइप युनिकोडमध्येच करा. निर्मला, मंगल, नोटो, काहीही चालेल. पीडीएफ ‘प्रिंट’मधून काढू नका, ‘सेव्ह ॲज’ किंवा ‘एक्स्पोर्ट’ने काढा, कारण प्रिंटच्या वाटेने शीर्षकांची आतली रचना गळून जाते. पर्यायांच्या खिडकीत पीडीएफ/एची खूण करा. मग फाइल उघडून एक परिच्छेद कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा आणि वाचा. कंट्रोल-एफने ‘निर्णय’, ‘विद्यार्थी’, ‘शेतकऱ्यांना’, ‘क्षेत्र’ हे चार शब्द शोधा. वेलांटी, रफार, ऱ्य आणि जोडाक्षर असे चारही त्रासदायक प्रकार त्यात येतात. सापडले नाहीत तर दुसऱ्या सॉफ्टवेअरने करून पाहा; लिबरऑफिस फुकट आहे. आणि मूळ फाइल जपून ठेवा.

ही चाचणी दोन मिनिटांची आहे. विद्यापीठाने प्रबंध स्वीकारताना ती करावी आणि पीडीएफसोबत मूळ फाइलही मागून घ्यावी, एवढीच माझी मागणी आहे. त्यासाठी नवं सॉफ्टवेअर लागत नाही की वेगळा निधी. तोवर, एखाद्या मराठी पीडीएफमध्ये शोध शून्य आला तर त्यावरून निष्कर्ष काढू नका. फाइल उघडा आणि पानं स्वतः चाळा.