सोमवारची छाती आणि कायद्याचा तक्ता

१९४८ च्या कारखाना अधिनियमाला जोडलेली दुसरी अनुसूची हा समीक्षेचा विषय होऊ शकतो, असे म्हटले तर या अंकाच्या वाचकांना ते चमत्कारिक वाटेल. शंभरावर रसायनांची नावे, त्यांच्यापुढे आकडे आणि खाली काही तळटीपा, एवढाच तिचा ऐवज. कामाच्या जागेच्या हवेत कोणता पदार्थ किती असलेला चालेल, हे ती सांगते. गिरणी कामगाराच्या शरीराविषयी कायद्याने लिहिलेल्या मोजक्या मजकुरांपैकी ती एक आहे. म्हणून ती इतर कोणत्याही मजकुरासारखीच वाचली पाहिजे. कोणी लिहिली, केव्हा लिहिली, कोणासाठी लिहिली आणि तिच्यात कोण दिसत नाही, हे प्रश्न तिलाही विचारले पाहिजेत.

मी रसायनशास्त्र किंवा वैद्यक शिकलेलो नाही. प्रभादेवीत राहतो आणि गिरण्यांविषयी जे कागद हाती येतील ते वाचतो. मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’पासून जयंत पवारांच्या ‘अधांतर’पर्यंत मराठी साहित्याने गिरणगावातले काम, घर, संप आणि संपानंतरचे उद्ध्वस्तपण आपल्यासमोर ठेवले. पण कार्डिंग खात्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाच्या छातीत काय झाले, हे कळायला मला साहित्याबाहेरचे कागद उघडावे लागले. त्यांतला पहिला कागद म्हणजे हा तक्ता.

तक्ता वाचण्याची रीत आधी सांगतो. तक्त्यात दोन प्रकारच्या मर्यादा असतात. पहिली आठ तासांच्या पाळीची सरासरी. दुसरी पंधरा मिनिटांची. तेवढ्या अवधीपुरते प्रमाण वाढलेले चालते, पण दिवसातून चार वेळांहून जास्त नाही आणि दोन वेळांमध्ये किमान एक तास गेला पाहिजे. मर्यादा दोन एककांत दिलेली असते. दहा लाख भाग हवेत किती भाग वायू किंवा वाफ, म्हणजे पीपीएम, हे एक. एका घनमीटर हवेत किती मिलिग्रॅम, हे दुसरे. क्लोरीनपुढे १ पीपीएम आणि ३ मिलिग्रॅम आहे, अमोनियापुढे २५ आणि १८. पदार्थाच्या रेणुभाराला २४.४५ ने भागून पीपीएमने गुणले की साधारण दुसरा आकडा मिळतो. हा हिशेब शाळेतले गणित येणाऱ्या कोणालाही करता येतो.

आता ‘कच्च्या कापसाची धूळ’ ही नोंद पाहू. तिच्यापुढे पीपीएमचा स्तंभ रिकामा आहे, कारण धूळ हा वायू नव्हे. दुसऱ्या स्तंभात ०.२ मिलिग्रॅम हा आकडा आहे. आठ तासांच्या पाळीत माणूस सुमारे १० घनमीटर हवा आत घेतो, असे धरण्याची पद्धत आहे. म्हणजे कायदा काटेकोर पाळला तरी पाळीला २ मिलिग्रॅम धूळ श्वासाबरोबर जाणार. वर्षाला ३०० पाळ्या आणि नोकरीची तीस वर्षे धरली, तर १८ ग्रॅम. त्यातली सगळी फुप्फुसात राहत नाही हे खरे. पण तक्त्यात ‘आठ तास’ आहेत आणि ‘तीस वर्षे’ नाहीत, एवढे या साध्या गुणाकाराने ध्यानात येते.

दुसरी गोष्ट तारखेची. ही अनुसूची १९४८ च्या मूळ कायद्यात नव्हती. भोपाळची वायुगळती डिसेंबर १९८४ मधली. तिच्यानंतर १९८७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि हा तक्ता आला. मिथाइल आयसोसायनेटपुढे त्यात ०.०२ पीपीएम लिहिले आहे. मुंबईतला गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला होता आणि त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. म्हणजे कापसाच्या धुळीचा आकडा या तक्त्यातून कायद्यात आला, तेव्हा त्या धुळीत जन्म काढलेल्या हजारोंच्या हातून काम गेलेले होते. एका शतकाहून अधिक काळ या भागात भोंगे वाजले; हा आकडा त्यांच्या अगदी अखेरच्या काळातला आहे. तो वाचताना ही तारीख बाजूला ठेवता येत नाही.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. ब्लोरूम आणि कार्डिंगमध्ये, जिथे गाठी फुटतात आणि कापूस पिंजला जातो, तिथे त्याचा धोका सर्वांत जास्त. त्याची खूण विलक्षण आहे. आठवड्याची सुट्टी संपवून माणूस कामावर येतो आणि त्या पहिल्या दिवशी छाती आवळते, दम लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हलके वाटते. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये रिचर्ड शिलिंग यांनी या आजाराच्या पायऱ्या ठरवल्या, त्या याच खुणेवरून. पहिल्या दिवशी कधीमधी त्रास, मग प्रत्येक पहिल्या दिवशी, मग इतर दिवशीही, आणि शेवटी कायमची निकामी छाती.

मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे, १० जून १८९० रोजी. त्या सुट्टीचा विचार आपण विश्रांती आणि हक्क या अंगांनी करतो. पण या आजाराच्या दृष्टीने पाहिले तर तिचे आणखी एक काम दिसते. सुट्टीच नसेल तर सोमवारही वेगळा उरत नाही, आणि सोमवार वेगळा नसेल तर ही खूण ओळखायची कशी? लोखंड्यांनी मिळवलेला रविवार हा अशा रीतीने रोगनिदानाचे साधनही ठरतो.

इथे तक्त्याची मोठी उणीव उघडी पडते. सोमवारची हवा आणि गुरुवारची हवा यंत्रात सारखीच भरेल. छाती मात्र सोमवारीच आवळते. तक्ता हवा मोजतो, आजार आठवड्याच्या क्रमात असतो. हवेचा आकडा कितीही अचूक असला तरी ‘सोमवारी कसं वाटतं?’ हा प्रश्न विचारल्यावाचून निदान होत नाही. परळच्या केईएममध्ये डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांच्या छातीचे जे अभ्यास केले, त्यांचे महत्त्व मला इथे वाटते. त्यांत कामगाराने सांगितलेली लक्षणे आणि श्वासाची मोजणी एकमेकांशेजारी ठेवून बिसिनोसिस आणि साधा जुनाट खोकला यांत फरक करायचा प्रयत्न होता.

दुसरी उणीव ‘धूळ’ या शब्दातच आहे. गिरणी कामगार म्हटला की केसांवर, भुवयांवर बसलेला पांढरा कापूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेने १९७८ मध्ये कापसाच्या धुळीचे मानक केले, त्यात नेमका हा डोळ्यांना दिसणारा तंतू मोजणीतून वगळला आहे. हवा उभ्या नळीतून संथ वर ओढायची, जड तंतू खाली राहू द्यायचा आणि वर येईल ती बारीक धूळ मोजायची, अशी ती पद्धत. घातक ती हीच धूळ. त्याच मानकात सूतकताईला ०.२ मिलिग्रॅम, तर सायझिंग आणि विणकामाला ०.७५ अशी खातेवार मर्यादा आहे. गिरणीमालकांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले. १९८१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कामगाराचे आरोग्य राखताना खर्च आणि फायदा यांचा तराजू लावण्याचे बंधन कायद्याने घातलेले नाही. त्या ०.२ मागे असा खटला, साक्षी आणि वाद उभे आहेत. आपल्या तक्त्यात फक्त आकडा आहे.

आकडे येतात कुठून, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची एक परिषद १९४० च्या दशकापासून अशी मूल्ये प्रसिद्ध करते. नावात ‘शासकीय’ असले तरी ती सरकारी संस्था नव्हे. आपल्या तक्त्यातले कितीतरी आकडे तिच्या त्या काळातल्या यादीशी जुळतात. ती परिषद स्वतःच सांगते, की या मर्यादेत ‘जवळजवळ सर्व’ कामगारांना अपाय होऊ नये आणि ही रेषा सुरक्षित व धोकादायक यांमधली सीमा समजू नये. आपल्या तक्त्यात आकडा आला. ‘जवळजवळ’ मागे राहिले. जे त्या ‘जवळजवळ’मध्ये बसत नाहीत, त्यांचे काय, हा प्रश्नही त्याबरोबर मागे राहिला. शिवाय १९८८ मध्ये बॅरी कॅसलमन आणि ग्रेस झीम यांनी दाखवून दिले, की शंभरावर पदार्थांच्या मूल्यांसाठी कंपन्यांकडून आलेल्या अप्रकाशित माहितीचा मोठा आधार घेतला होता.

हे सारे आज कशाला उगाळायचे? गिरण्या गेल्या. एल्फिन्स्टन आणि ज्युपिटर या गिरण्यांच्या जमिनी २००५ मध्ये विकल्या गेल्या, आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नावही २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. पण त्या जागी उठलेल्या मनोऱ्यांतल्या घरांत लाकडाला पॉलिश करणारी माणसे रोज थिनर हुंगतात. थिनर हे एका रसायनाचे नाव नव्हे, ते मिश्रण आहे. त्यात बहुधा टोल्युइन असते. तक्त्यात टोल्युइनपुढे १०० पीपीएम आहे. ज्या परिषदेच्या यादीत तेव्हा तोच आकडा होता, तिने तो पुढे २० वर आणला. म्हणून कोणताही आकडा पाहताना त्याचे वर्ष पाहावे. डब्याबरोबर येणारे सुरक्षा माहितीपत्रक मागावे. त्याचे सोळा भाग असतात: तिसऱ्यात घटक आणि त्यांचे ओळखक्रमांक, आठव्यात हवेतली मर्यादा, अकराव्यात शरीरावरचे परिणाम. नाव फसवे असू शकते, ओळखक्रमांक फसवत नाही, टोल्युइनचा १०८-८८-३.

मात्र पॉलिशवाल्याला हा तक्ता लागूच होत नाही. तो ‘कारखान्या’साठी आहे आणि कोणाचा फ्लॅट हा कारखाना नव्हे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत कारखाना ठरायला वीज वापरत असल्यास २० आणि नसल्यास ४० कामगार लागतात. त्याच संहितेने मर्यादा ठरवण्याचे काम राज्य सरकारच्या नियमांकडे सोपवले आहे. म्हणजे पूर्वी कायद्याच्याच पोटात असलेला हा मजकूर आता नियमांत लिहायचा. महाराष्ट्रात त्यातला ०.२ कायम राहतो का, १०० चा २० होतो का, हे वाचणारे कोणी तरी हवे.

नुकसानभरपाईचा कायदाही इथेच अडतो. बिसिनोसिस हा भरपाईला पात्र आजार आहे, पण त्या धुळीत ठरावीक काळ सलग काम केले असले पाहिजे. गिरणगावात ‘बदली’ हा शब्द ज्यांच्या घरात बोलला गेला, त्यांना ‘सलग’ या शब्दाचे वजन वेगळे सांगायला नको. रोज सकाळी गेटवर उभे राहायचे, नाव पुकारले तर आत, नाही तर परत. अशा माणसाच्या छातीत धूळ तीच गेली. हजेरीपुस्तकात मात्र ती तुकड्यातुकड्यांनी आहे. हजेरीपत्रके, खात्यांची नोंद, ईएसआयची कार्डे आणि छातीच्या तपासण्यांचे कागद अजून काही घरांत ट्रंकांमध्ये पडून आहेत. हवा कुणी मोजली असेल-नसेल, ती हवा आता परत मोजता येणार नाही. कोण कोणत्या खात्यात किती वर्षे होता आणि त्याला सोमवारी कसे वाटायचे, एवढे मात्र अजून विचारता येईल. ज्यांना विचारायचे ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत.